लावलेली उंची टिकत नाही : छोट्या स्क्रू जॅकची नेहमीची तक्रार आणि तिचे निवारण

कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतींतील बेदाण्याच्या आणि हळदीच्या कारखान्यांत वर्म गिअरवर चालणारे छोटे स्क्रू जॅक, म्हणजे आट्यांच्या दांड्याने वजन वरखाली करणारी साधने, बऱ्याच यंत्रांखाली दडलेले असतात. पिशवी भरणाऱ्या यंत्राचे तोंड वरखाली करणे, सीलिंगच्या पट्टीसमोर टेबल बरोबर उंचीवर आणणे, कन्व्हेयरचे एक टोक उचलणे, पाकिटावर तारीख छापणारे डोके ठरावीक अंतरावर धरणे, अशी हलकी पण नेमकी कामे हे जॅक करतात. त्यांची क्षमता साधारणपणे शंभर किलोपासून अर्ध्या टनापर्यंत असते. या जॅकविषयी जी तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आली आहे ती एकच आहे : लावलेली उंची टिकत नाही. त्यापाठोपाठ ‘जॅक गेलाय, नवीन मागवा’ हे वाक्यही ठरलेले असते. प्रत्यक्षात जॅक गेलेला आहे असे क्वचितच आढळते. उंचीतला हरवलेला मिलिमीटर नेमका कोणत्या जागी हरवतो हे मोजल्याशिवाय जॅक उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढच्या तपासण्यांचा क्रम त्याच मताने लावलेला आहे.

लक्षणे

तक्रार एकच असली तरी ती वेगवेगळ्या रूपांत दिसते, आणि कोणते रूप दिसते यावरून अर्धे निदान होते.

पहिल्या रूपात सकाळी लावलेली उंची दुपारपर्यंत खाली येते आणि हँडव्हील आपोआप फिरलेले दिसते. दुसऱ्या रूपात हँडव्हील आणि त्याचा आकडे दाखवणारा काउंटर जागच्या जागी असतो, पण टेबल मात्र एखाद्या मिलिमीटरने खाली गेलेले असते. तिसऱ्या रूपात टेबल वर नेत थांबवले तर उंची बरोबर येते, खाली आणत थांबवले तर त्याच आकड्यावर ती वेगळी भरते. चौथ्यात हँडव्हील फिरत राहते पण टेबल हलतच नाही, किंवा थोडे हलून थांबते. पाचवे रूप दोन जॅक एका शाफ्टने जोडलेल्या टेबलांचे आहे. तिथे टेबल एका बाजूला कलते आणि हँडव्हील जड लागू लागते. याखेरीज स्क्रूवरच्या ग्रीसमध्ये सोनेरी चकाकी दिसणे, जॅकचे अंग हात ठेववणार नाही इतके तापणे आणि वर जाताना कुरकुर ऐकू येणे ही लक्षणे कोणत्याही रूपासोबत असू शकतात. ती दिसली तर लेखाच्या शेवटचा भाग आधी वाचावा.

हात लावण्यापूर्वी

टेबलावरील माल उतरवावा, यंत्राचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून तिथे कुलूप किंवा निदान पाटी लावावी, आणि टेबलाखाली पोलादी आधार किंवा घट्ट लाकडी ठोकळे द्यावेत. वजन केवळ पन्नास किलो आहे म्हणून आधाराशिवाय काम करणारे फिटर मी पाहिले आहेत. पन्नास किलोचे टेबल दोन सेंटिमीटर खाली आले तरी बोट जायला तेवढे पुरते.

जॅक उंची कशाच्या जोरावर धरतो

हे समजल्याशिवाय पुढच्या तपासण्यांचा क्रम पटणार नाही. हँडव्हील किंवा मोटर वर्म, म्हणजे सर्पिल आट्यांचा छोटा दांडा, फिरवते, वर्म ब्रॉन्झचे वर्म व्हील फिरवतो, आणि त्या व्हीलच्या आत पाडलेले आटे स्क्रूला वर किंवा खाली ढकलतात. पुढची सगळी उदाहरणे मी १६ मि.मी. व्यासाचा, ४ मि.मी. पिचचा (म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमध्ये ४ मि.मी. अंतर असलेला) एकसरी ट्रॅपेझॉइडल स्क्रू आणि ५:१ गुणोत्तराचा वर्म (वर्मचे पाच फेरे म्हणजे व्हीलचा एक) गृहीत धरून दिली आहेत. अशा जॅकमध्ये हँडव्हीलच्या एका फेऱ्याला टेबल ०.८ मि.मी. सरकते, गुणोत्तर २०:१ असेल तर ०.२ मि.मी.

वजन खाली दाबत असतानाही स्क्रू उलटा फिरत नाही, याचे कारण म्हणजे आट्यांमधील घर्षण. वर सांगितलेल्या स्क्रूच्या आट्यांचा उतार साधारण ५.२ अंशांचा असतो. पोलाद आणि ब्रॉन्झ यांमधला घर्षणांक सुमारे ०.०९ च्या वर आहे तोवर स्क्रू स्वतःला रोखून धरतो, त्याखाली गेला की केवळ स्क्रूच्या भरवशावर वजन थांबत नाही. ग्रीस लावलेल्या आट्यांचा घर्षणांक बहुधा ०.१ ते ०.१५ च्या दरम्यान असतो, म्हणजे हाताशी असलेली शिल्लक फारशी मोठी नाही. वर्मचेही स्वतःचे घर्षण मदतीला असते. २०:१ च्या वर्ममध्ये ते भक्कम असते. ५:१ च्या वर्मचा उतार जास्त असल्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबता येत नाही. शिवाय हे सगळे हिशेब स्थिर जॅकचे आहेत. जॅकला सतत कंप बसत असेल तर आटे क्षणोक्षणी एकमेकांपासून सुटतात आणि घर्षणाचा धरून ठेवण्याचा गुण बराच कमी होतो. सांगलीकडच्या बेदाण्याच्या कारखान्यांत प्रतवारीची कंपणारी चाळण आणि भरणी यंत्र बऱ्याचदा एकाच सांगाड्यावर किंवा एकाच फरशीवर हातभर अंतराने उभे असते, हे इथेच लक्षात घ्यावे.

पहिली तपासणी : मार्करच्या तीन खुणा

या तपासणीचा खर्च एका मार्करपुरता आहे. टेबल हव्या त्या उंचीवर लावून तीन ठिकाणी रेघ ओढावी : हँडव्हीलपासून जॅकच्या अंगावर येणारी, स्क्रूच्या वरच्या टोकापासून टेबलाच्या प्लेटवर जाणारी, आणि जॅकच्या तळापासून सांगाड्यावर उतरणारी. मग यंत्र नेहमीप्रमाणे एक पाळी चालू द्यावे.

हँडव्हीलची रेघ तुटली असेल तर वजनाने जॅक उलटा फिरवला आहे, आणि शोध घर्षण व कंप यांच्या दिशेने घ्यायचा. स्क्रूच्या टोकाची रेघ तुटली असेल तर हँडव्हील न हलता स्क्रूच स्वतःभोवती फिरला आहे. बऱ्याच छोट्या जॅकमध्ये स्क्रूला चावी, म्हणजे फिरण्यापासून रोखणारी खाचेतली पट्टी, नसते. त्याला फिरू न देण्याचे काम टेबलाशी असलेल्या जोडणीचे असते. ती सैल झाली की स्क्रूच्या पाव फेऱ्याला टेबल १ मि.मी. खाली येते आणि काउंटर मात्र खोटे बोलत नाही असेच सगळ्यांना वाटत राहते. दुसऱ्या आणि चौथ्या रूपाच्या तक्रारींमागे मला सर्वांत जास्त वेळा हेच कारण सापडले आहे, आणि उपाय एक बोल्ट आवळण्याचा असतो. तळाची रेघ तुटली असेल तर जॅक सांगाड्यावर सरकतो आहे. तिन्ही रेघा शाबूत असून टेबल खाली गेले असेल तर प्ले (आट्यांमधली मोकळी जागा), गाईड (टेबलाला सरळ वरखाली सरकू देणारे दांडे) किंवा वाकणारा पत्रा यांपैकी काहीतरी आहे.

दुसरी तपासणी : टेबल कोणत्या दिशेने थांबवले जाते

ऑपरेटरला काही न सांगता त्याला उंची लावताना पाहावे. तो टेबल खाली आणत हव्या त्या आकड्यावर थांबतो का? हलक्या वजनाच्या टेबलांचा खरा घोटाळा इथे असतो, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो.

जॅक नवा असला तरी आट्यांमध्ये थोडा प्ले असतोच, कारण तो नसेल तर स्क्रू फिरणारच नाही. भारी वजन हा प्ले स्वतःच दाबून टाकते, त्यामुळे मोठ्या जॅकवर काम केलेल्या माणसाला त्याचा त्रास फारसा जाणवत नाही. टेबल मात्र तीस-चाळीस किलोचेच असेल आणि दोन बाजूंचे गाईड थोडे घट्ट असतील, तर खाली आणताना व्हील प्लेइतके मोकळे फिरते आणि टेबल गाईडमध्येच लटकून राहते. आकडा बरोबर आला म्हणून ऑपरेटर थांबतो, मोजपट्टी लावली तर उंचीही जवळपास बरोबर दिसते, आणि अर्ध्या तासाने चाळण सुरू झाली की लटकलेले टेबल सावकाश प्लेइतके खाली बसते. मग जॅक ‘सरकला’ अशी तक्रार येते. जॅक जागचा हललेला नसतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. खालची उंची लावायची असेल तरी टेबल आधी त्याहून दोन-तीन मिलिमीटर खाली न्यावे आणि शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करून थांबवावे. म्हणजे आट्यांची वजन पेलणारी बाजू टेकलेली राहते आणि पुढे खाली बसायला जागाच उरत नाही. जॅक उलटा टांगलेला असेल आणि वजन खाली लोंबत असेल तरी नियम तोच आहे, कारण तिथेही वजन उचलताना टेकणारी बाजूच कामाची असते. ही सवय लावून घेतल्यावर तिसऱ्या रूपाच्या बहुतेक तक्रारी थांबतात. थांबल्या नाहीत तर पुढे जावे.

तिसरी तपासणी : बोल्ट, ग्रब स्क्रू, कपलिंग आणि खालचा पत्रा

तळाचे चारही बोल्ट, वरच्या प्लेटचे बोल्ट, हँडव्हीलचा आणि काउंटरचा ग्रब स्क्रू (शाफ्टला पकडून ठेवणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू), कपलिंगचे दोन्ही ग्रब स्क्रू हे सगळे पान्याने किंवा अ‍ॅलन कीने तपासावेत. डोळ्यांनी पाहून घट्ट दिसणारा बोल्ट हिशेबात धरू नये. कपलिंगमधला रबरी किंवा प्लास्टिकचा स्पायडर झिजून चुरा झालेला असेल तर तो बदलावा. किंमत किरकोळ असते आणि मिरजेच्या बाजारात तो सहज मिळतो.

खालचा पत्रा तपासायला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारे मापक, लागतो. चुंबकी स्टँड सांगाड्याच्या भक्कम भागावर बसवून डायलचे टोक जॅकच्या तळाजवळ टेकवावे आणि टेबलावर हाताने नीट जोर द्यावा. सुई ०.०५ मि.मी.हून जास्त हलली तर जॅक ज्या पत्र्यावर बसवला आहे तोच वाकतो आहे. स्थानिक फॅब्रिकेशनमध्ये तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर जॅक बसवण्याची पद्धत दिसते. वजनाने तो पत्रा तुटत नाही, पण दर भरणीला दबतो आणि परत येतो. त्याखाली अँगलची पट्टी वेल्ड करून घ्यावी किंवा आठ-दहा मिलिमीटरची प्लेट घालावी. वेल्डिंग करताना जॅक आधी काढून ठेवावा. अर्थिंगचा क्लॅम्प जॅकवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात.

चौथी तपासणी : घाण आणि ग्रीस

स्क्रूवरची रबरी घडीची टोपी, म्हणजे बूट, फाटली आहे का ते पाहावे. हळदीची बारीक पूड ग्रीसमध्ये मिसळली की घट्ट लगदा होतो, आणि त्यात पॉलिशिंगच्या ड्रमकडून आलेली माती असेल तर तोच लगदा ब्रॉन्झचे आटे घासून काढतो. बेदाण्याकडे साखरेचा चिकटपणा त्रास देतो. गंधकाच्या धुरीच्या खोलीजवळ जॅक असेल तर पावसाळी हवेत स्क्रूवर लवकर गंज चढतो, आणि गंजलेला स्क्रू कानशीसारखे काम करतो.

टेबल पूर्ण वर नेऊन उघड्या स्क्रूवरचे जुने ग्रीस फडक्याने पुसावे, ब्रशने आटे साफ करावेत आणि उत्पादकाने सांगितलेले ग्रीस पातळ थरात लावावे. ते माहीत नसेल तर लिथियमचे, जास्त दाब सोसणारे, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा प्रमाणित दर्जा) घट्टपणाचे ग्रीस बहुतेक छोट्या जॅकना चालते. अन्नपदार्थाशी संपर्क येण्याची शक्यता असेल तिथे मात्र एच-१ दर्जाचेच, म्हणजे अन्नाशी चुकून संपर्क आला तरी चालणारे, वापरावे. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र करू नयेत, कारण काही मिश्रणे पातळ होऊन गळून जातात. हवेचा पाइप लावून धूळ उडवण्याचा मोह टाळावा. त्याने पूड सीलच्या आत जाते.

इथे एक उलटे वाटणारे प्रकरण आहे. हँडव्हील हलके फिरावे म्हणून कोणी घर्षण खूप कमी करणारे स्प्रे किंवा जादा घसरणारे पदार्थ मिसळलेले ग्रीस लावते, आणि दुसऱ्या दिवसापासून टेबल उतरू लागते. वर सांगितलेली घर्षणाची बेताची शिल्लक या उत्साहात संपलेली असते. असे झाल्याचे कळले तर सगळे पुसून साधे ग्रीस लावावे.

पाचवी तपासणी : कंप

पहिल्या तपासणीत हँडव्हीलची रेघ तुटली असेल तर ही तपासणी निर्णायक ठरते. टेबलावर नेहमीइतके वजन ठेवून चाळण पूर्ण बंद ठेवावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. टेबलाखाली दोन मिलिमीटर सोडून आधार असू द्यावा. सकाळी उंची तीच असेल, आणि चाळण सुरू केल्यावर तासाभरात ती उतरू लागली, तर जॅकमध्ये दोष नाही. अशा वेळी नवा जॅक आणला तरी तोही उतरेल, आणि नवा असल्यामुळे कदाचित जुन्यापेक्षा लवकर उतरेल.

उपाय तीन आहेत. चाळणीचा सांगाडा टेबलाच्या सांगाड्यापासून तोडून स्वतंत्र रबरी पॅडवर बसवणे हा सर्वांत चांगला, कारण त्याने छपाई आणि वजनकाटाही सुधारतो. ते शक्य नसेल तर हँडव्हीलच्या शाफ्टवर दांडीने आवळायचे लॉक बसवावे. मोटरवर चालणारा जॅक असेल तर ब्रेक असलेली मोटर घ्यावी. ब्रेक आधीच असेल तर त्याचे अस्तर झिजून मोटर थांबल्यावर पुढे घसरते का तेही पाहावे. तिसरा उपाय ५:१ ऐवजी २०:१ चा जॅक घेण्याचा. त्यात उंची लावायला चौपट फेरे लागतात, पण रोज एकदाच उंची बदलणाऱ्या यंत्राला त्याची अडचण होत नाही. केवळ २०:१ घेऊन लॉक टाळणे मला मान्य नाही. सतत कंप असलेल्या जागी उत्पादकही वेगळ्या ब्रेकची किंवा लॉकची शिफारस करतात.

सहावी तपासणी : गाईड आणि बाजूचा ताण

स्क्रू जॅक सरळ दाबासाठी किंवा सरळ ओढीसाठी बनवलेला असतो. बाजूचा ताण घेण्याचे काम गाईडचे आहे, आणि गाईड चुकले की तो ताण स्क्रूवर येतो. त्यामुळे आटे एका बाजूने झिजतात, स्क्रू हळूहळू वाकतो आणि टेबल धक्क्याधक्क्याने हलते.

यासाठी बाजारात मिळणारा साधा स्प्रिंगचा काटा पुरतो. १०० मि.मी. व्यासाच्या हँडव्हीलच्या कडेला काटा अडकवून स्पर्शरेषेच्या दिशेने ओढावा. शंभर किलो वजन, ४ मि.मी. पिच, ५:१ गुणोत्तर आणि सुमारे २० टक्के कार्यक्षमता धरली तर चालत्या हँडव्हीलला साधारण सव्वा किलोचा जोर लागायला हवा. सुरुवातीला तो थोडा जास्त असणे स्वाभाविक आहे. काटा चार-पाच किलो दाखवत असेल तर काहीतरी अडते आहे. मग टेबलाला आधार देऊन वजन जॅकवरून काढावे आणि स्क्रू मोकळा असताना पुन्हा ओढून पाहावे. मोकळा स्क्रू हलका फिरला तर दोष बाहेर, गाईडमध्ये आहे. मोकळाही जड फिरला तर दोष आत आहे. ही एवढी एक चाचणी केली तरी निम्मे जॅक विनाकारण उघडले जाणार नाहीत.

दोष बाहेर असल्यास आधार दिलेल्या अवस्थेत वरच्या प्लेटचे बोल्ट सोडावेत. प्लेट जागची उडून बाजूला सरकली, किंवा बोल्ट परत घालताना पहारीने ढकलावे लागले, तर जॅक आणि गाईड एका रेषेत नाहीत. टेबल खाली असताना, मध्ये असताना आणि पूर्ण वर असताना अशा तीन ठिकाणी हे पाहावे, कारण दोन गाईड खाली समांतर आणि वर फाकलेले असे बऱ्याचदा आढळते. जॅकखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालून तो गाईडशी समांतर करावा. गुण्या लावून स्क्रूचा उभेपणा दोन दिशांना तपासावा.

माल टेबलाच्या एका कडेला येत असेल तर आणखी एक अडचण उद्भवते. गाईडच्या दोन बुशांमधले (गाईडवर सरकणाऱ्या नळ्यांमधले) उभे अंतर कमी असले की टेबल जुन्या लाकडी कपाटाच्या एका बाजूने ओढलेल्या खणासारखे तिरपे अडकते. तिथे शिमचा उपयोग नाही. बुश एकमेकांपासून लांब बसवावे लागतात किंवा जॅक मालाच्या वजनाखाली सरकवावा लागतो.

दोन जॅक एका शाफ्टवर असतील आणि टेबल कलले असेल, तर शाफ्टचे कपलिंग सोडून मागे पडलेला जॅक एकट्याने फिरवून स्पिरिट लेव्हलवर टेबल आणावे व कपलिंग पुन्हा जोडावे. कपलिंग पाव फेऱ्याच्या टप्प्यांत बसत असेल तर आपल्या उदाहरणातील जॅकवर ०.२ मि.मी.पर्यंत जुळवणी मिळते. टेबल पुन्हा काही दिवसांत कलले तर एखादा ग्रब स्क्रू किंवा शाफ्टची चावी घसरते आहे.

सातवी तपासणी : प्ले मोजणे

इथपर्यंत येऊनही तक्रार कायम असेल तर जॅककडे वळावे. वजन काढून डायल गेजचे टोक वरच्या प्लेटच्या मध्यावर उभे टेकवावे, प्लेट तरफेने हलकेच वर उचलावी आणि मग खाली दाबावी. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे उभा प्ले. तो स्क्रूच्या नेहमीच्या वापराच्या जागी आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या टोकाजवळ, असा दोन्हीकडे मोजावा. नेहमीच्या जागी जास्त आणि टोकाजवळ कमी असेल तर स्क्रू झिजला आहे. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर व्हीलचे आतले आटे झिजले आहेत किंवा व्हीलच्या बेअरिंगची झाकणी सैल आहे.

बरेच उत्पादक प्लेची मर्यादा पिचच्या पाव भागाइतकी धरतात, म्हणजे ४ मि.मी. पिचला १ मि.मी. त्या मर्यादेच्या बराच आत असलेला प्ले, शेवटची हालचाल वर नेऊन थांबवली तर, कामात आडवा येत नाही. हँडव्हीलला मोकळा फेरा जास्त आहे म्हणून घाबरण्याचेही कारण नाही : हँडव्हील ४५ अंश मोकळे हलले तरी टेबलाशी त्याचा अर्थ ०.१ मि.मी. एवढाच होतो.

काही जॅकची झाकणी आट्यांवर बसवलेली असते आणि ग्रब स्क्रूने लॉक केलेली असते. ग्रब स्क्रू सोडून झाकणी थोडीशी आवळावी, हँडव्हील फिरवून पाहावे, जड व्हायला लागताच किंचित मागे घ्यावी आणि लॉक करावी. त्याने फक्त बेअरिंगचा प्ले जातो, झिजलेले आटे परत येत नाहीत. प्ले शून्य करण्याच्या नादात झाकणी जास्त आवळली तर जॅक तापतो आणि पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

मोटरवर वारंवार वरखाली होणाऱ्या जॅकबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. या जॅकमध्ये मोटरच्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेत जातो, म्हणून ते सतत चालवण्यासाठी नसतात. मध्ये विश्रांती लागते. शिवाय ३०० मि.मी. लांबीचा पोलादी स्क्रू २० अंशांनी तापला तर ०.०७ मि.मी. वाढतो. पिशवीच्या भरणीला त्याने फरक पडत नाही, सुरीच्या सेटिंगला पडतो.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

ग्रीसमध्ये ब्रॉन्झचे कण किंवा चपटे तुकडे दिसले, प्ले पाव पिचच्या वर गेला, स्क्रू फिरवताना डायलवर टोक डोलताना दिसले, जॅकच्या अंगाला तडा गेला किंवा मोकळा स्क्रूही जड फिरत असेल, तर वजन लगेच आधारावर घ्यावे आणि जॅक वापरातून काढावा. अशा जॅकमधले आटे एकदम सुटू शकतात आणि मग टेबल सावकाश न येता कोसळते. ज्या टेबलाखाली माणसाचे हात नेहमी जातात, तिथे पाव पिचचीही वाट पाहू नये. लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला मोटर थांबवणारा), एन्कोडर (फेरे मोजणारे विद्युत उपकरण) किंवा दोनाहून अधिक जॅकचे एकत्र नियंत्रण बिघडले असेल तर ते इलेक्ट्रिशियनचे आणि यंत्र बसवणाऱ्याचे काम आहे. तिथे तारा जोडून स्विच ‘बायपास’ करणे गुन्ह्यासारखे मानावे. माणूस उचलण्यासाठी हे जॅक मुळीच वापरू नयेत.

लेथवाल्याकडून नवा स्क्रू किंवा व्हील करून घेण्याची सोय कुपवाडलाही आहे आणि कोल्हापूरलाही, आणि काही वेळा ती योग्यही असते. पण काम देण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. जुने आटे ट्रॅपेझॉइडल आहेत की अ‍ॅक्मी ते मोजून घ्यावे, कारण एकाचा कोन ३० अंश आणि पिच मिलिमीटरमध्ये असते, दुसऱ्याचा कोन २९ अंश आणि पिच इंचाच्या हिशेबात. दोन्ही एकमेकांत कसेबसे जातात आणि काही दिवसांत एकमेकांना खातात. व्हील साध्या पितळेचे नको, ब्रॉन्झचेच हवे. आणि वर्मचे दात कापण्याची सोय नसलेल्या ठिकाणी व्हील देऊच नये. छोट्या जॅकच्या बाबतीत स्क्रू आणि व्हील दोन्ही गेले असतील तर पूर्ण जॅक बदलणे बहुधा स्वस्त पडते.

नवा मागवताना जुन्याच्या पाटीवरची क्षमता, गुणोत्तर, पिच आणि स्ट्रोक (स्क्रू किती अंतर सरकतो ते) कळवावेत. स्क्रू वरखाली होतो की स्क्रू जागीच फिरून नट वरखाली होतो, जॅक उभा आहे की उलटा टांगलेला, टोक प्लेटचे आहे, आट्यांचे की पिनचे, आणि स्क्रूला चावी हवी का, हेही कळवावे. बसवल्यावर पहिली पाळी संपताच सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, सुरुवातीचा प्ले डायलवर मोजून तो आकडा आणि तारीख जॅकच्या अंगावर पेंटने लिहून ठेवावी. बेदाण्याची आवक सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीच्या आसपास, तोच प्ले पुन्हा मोजावा आणि नवा आकडा पहिल्याखाली लिहावा.